दिसत नाही ती हवा काढायची कशी?

एका श्रोत्याने विचारलंय: चित्रस्पर्धेचा विषय 'हवा' आहे; जे दिसतच नाही ते काढू कसं?

उत्तर आपल्या येरवड्यातच आहे. तारकेश्वर मंदिराच्या टेकडीवर जा आणि लांब बघा. जवळची झाडं गडद, मधल्या इमारती फिकट, लांबचे डोंगर निळसर. डोंगर काही निळे नसतात. मधे जी कित्येक किलोमीटर हवा आहे, तिचा तो रंग. हवेचे रेणू निळा प्रकाश लाल प्रकाशाच्या साधारण चौपट विखुरतात. जॉन स्ट्रट, म्हणजे पुढचे लॉर्ड रेले, यांनी हे गणित १८७१ मध्ये मांडलं. तेव्हा लांबचा डोंगर फिकट निळा रंगवलात, की हवाच रंगवलीत!

आता हिवाळ्यातली सकाळ घ्या. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवाही. वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि धूर-धूळ खाली अडकते. हे कण रेणूंपेक्षा कितीतरी मोठे. ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. म्हणून निळा जातो, करडा उरतो. ऊन तापलं की झाकण सुटतं.

आपण या सगळ्याला 'धुकं' म्हणून मोकळे होतो. पण धुकं म्हणजे पाण्याचे थेंब. कोरड्या दुपारीही करडा पडदा हटला नाही, तर ती बहुधा धूर-धूळच, आणि ती आपल्या छातीत जाते. पाषाणच्या आयआयटीएमच्या 'सफर' सेवेवर पीएम २.५ चा आकडा बघा.

मग एकाच जागेवरून दोन चित्रं काढा: सकाळी सातचं आणि दुपारी चारचं. शेजारी ठेवा. हवा दिसेल.