रांगेतली लंगर-गप



फौजेत एक शब्द आहे, 'लंगर-गप'. लंगर म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर. तिथे रोट्या भाजता भाजता जी बातमी तयार होते, ती लंगर-गप. "पलटण पुढच्या महिन्यात नागालँडला चालली." "यंदा दिवाळीची रजा बंद." सांगणारा अगदी ठामपणे सांगतो, कारण त्यालाही ती कोणीतरी ठामपणेच सांगितलेली असते. वर्दीत आयुष्य काढल्यावर माझं मत असं झालंय, की लंगर-गप पिकायला दोनच गोष्टी लागतात: ताटकळणारी माणसं आणि पोटात थोडी भीती. नागरी जीवनात या दोन्ही एकाच ठिकाणी मुबलक सापडतात, ते ठिकाण म्हणजे रोलर कोस्टरची रांग.

माझा मुलगा अमेरिकेत, ओहायो राज्यात असतो. त्याला या कोस्टरचं वेड आहे, आणि तिकडे हे वेड संघटित आहे. 'अमेरिकन कोस्टर एन्थुझिअस्ट्स' ही त्यांची संस्था 1978 सालची. ही मंडळी सुट्ट्या काढून एकेका पार्कला जातात, किती कोस्टरवर बसलो याची नोंद ठेवतात, कोणता कोणत्या कंपनीने बांधला हे रुळाचा आकार बघून ओळखतात. आपण त्यांना कोस्टरवेडे म्हणू. बाकीच्या जगाला ते 'जीपी' म्हणतात, म्हणजे जनरल पब्लिक. आम्ही 'सिव्हिलियन' हा शब्द ज्या सुरात उच्चारतो ना, डिट्टो तोच सूर. प्रत्येक व्यवसायाला, प्रत्येक छंदाला बाहेरच्यांसाठी असा एक शब्द लागतोच. आणि तो शब्द तोंडात बसला की समोरच्या माणसाचं ऐकणं बंद होतं, हा त्याचा तोटा.

सँडस्की नावाच्या गावी ईरी सरोवराच्या काठावर सीडर पॉइंट हे 1870 पासूनचं पार्क आहे. मुलाच्या मित्रमंडळींबरोबर तिथल्या रांगांमध्ये मी तासन् तास उभा राहिलोय. आजूबाजूचे जीपी काय बोलतात आणि त्यावर हे कोस्टरवेडे काय करतात, हे बघणं मला राइडपेक्षाही जास्त आवडलं. या वयात मानेला झेपतंही तेच.

ऐकू येणाऱ्या गोष्टी ठरलेल्या असतात. पहिली: "गाडी नुसती रुळावर ठेवलेली असते, वेगाने उडाली तर?" दुसरी, आणि ही आपल्याकडे फारच: "मध्येच लाइट गेली तर?" तिसरी: "लाकडी आहे, बघ किती हलतोय, मोडणार." चौथी: "खांद्यावरून येणारा पट्टा नाही, म्हणजे धोकादायक."

आता यातलं खरं काय ते सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं कळेल. आधुनिक कोस्टरच्या गाडीला तीन जागी चाकं असतात. रुळाच्या वर, रुळाच्या बाजूला आणि रुळाच्या खाली. खालचं चाक असल्यामुळे गाडी वर उचलली जाऊच शकत नाही. जॉन मिलर नावाच्या अमेरिकन माणसाने या खालच्या चाकाचं पेटंट 1919 मध्ये घेतलं. त्याआधी ते नव्हतं. पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूना गावी 'लीप-द-डिप्स' हा 1902 सालचा कोस्टर आहे, त्याला खालची चाकं नाहीत. तो सायकलच्या वेगाने जायचा म्हणून चालून जायचं. म्हणजे "गाडी उडेल" ही भीती वेडगळ नाही, ती शंभर वर्षं जुनी आहे एवढंच.

लाइट गेली तर काय? साखळीने किंवा मोटारीने गाडी एकदा वर नेली, की पुढचा सगळा प्रवास गुरुत्वाकर्षणावर होतो. त्याला वीज लागतच नाही. चढावरच वीज गेली तर गाडी मागे घसरू नये म्हणून खाली दातेरी पट्टी असते आणि गाडीला एक अडणी. चढताना जो खट-खट-खट आवाज येतो तो या अडणीचा. बायाबापड्या तो आवाज ऐकून देवाचं नाव घेतात. खरं तर तो आवाज म्हणजे 'मी आहे' असं सांगणारा पहारेकरी. हीदेखील मिलरचीच देणगी, 1910 च्या सुमाराची. आणि ब्रेक? अलीकडच्या अनेक कोस्टरवर ते कायमचुंबकांचे असतात. चुंबकांच्या फटीतून धातूची पट्टी वेगाने गेली की तिच्यात भोवरा प्रवाह तयार होतात आणि गाडी आपोआप मंदावते. त्यालाही वीज नको.

लाकडी कोस्टर हलतो, कारण तो हलावा असाच बांधलेला असतो. बांबू वाऱ्यात वाकतो तसा. गंमत म्हणजे लाकडी कोणता हेच लोकांना कळत नाही. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरचा 1927 चा प्रसिद्ध 'सायक्लोन' लाकडी गणला जातो, पण त्याचा सांगाडा पोलादी आहे, मार्ग लाकडाचा. सीडर पॉइंटचा 'जेमिनी' याच्या बरोबर उलट, सांगाडा लाकडी आणि रूळ पोलादी. जेमिनीखाली उभं राहून "हा लाकडी" असं कोणी म्हणालं की कोस्टरवेड्यांच्या कपाळावरची शीर उडते. मी मुलाला म्हटलं, "अरे, लाकूड दिसतंय म्हणून लाकडी म्हणतोय बिचारा. त्याने काय गुन्हा केला?"

आणि खांद्यावरचा पट्टा. त्याच पार्कमध्ये 'मिलेनियम फोर्स' आहे, सन 2000 चा. उंची सुमारे 94 मीटर, वेग ताशी 150 किलोमीटर. तिथे खांद्यावर काही नाही. मांडीवर दांडा आणि कमरेला पट्टा, बस्स. शरीर धरून ठेवायचं ते कंबर-मांडीपाशी. तिथे पक्कं धरलं की काम झालं.

आता कोस्टरवेडे काय करतात? मला चार तऱ्हा दिसल्या.

काही गप्प बसतात आणि नंतर जेवणाच्या टेबलावर एकमेकांना किस्से सांगून हसतात. निरुपद्रवी आहे, पण थोडं हलकटही आहे.

काही जण ताबडतोब वळून व्याख्यान सुरू करतात. "एक्स्क्यूज मी, अॅक्च्युअली..." अशा माणसाच्या पुढे-मागे तासभर उभं राहणं ही शिक्षा असते. ज्याची चूक काढली तो बायकोमुलांसमोर खजील होतो, आणि खजील झालेला माणूस काही शिकत नाही. परेड ग्राउंडवर सगळ्यांसमोर झापलेला रिक्रूट पुढच्या वेळी चूक लपवतो, हे मी पुष्कळ पाहिलंय.

तिसरी तऱ्हा मला अजिबात आवडली नाही. घाबरलेल्या नवख्याला आणखी घाबरवायचं. "गेल्या आठवड्यात माझा दांडा मध्येच सुटला होता." सांगणाऱ्याला मजा वाटते, पण ऐकणारा ते खरं समजून घरी नेतो आणि दहा जणांना सांगतो. लंगर-गपीचा कारखाना इथेच आहे, आणि तो चालवणारा जीपी नसून जाणकार असतो!

चौथी तऱ्हा मुलाच्या गटातल्या एका शिक्षिकेची. आमच्या पुढे दहा-अकरा वर्षांचा मुलगा होता, पांढराफटक पडलेला. त्याचा बाप मागच्या रांगेला मोठ्याने सांगत होता की ही गाडी 'टेक्निकली' कधीही रुळावरून उतरू शकते. बाईंनी बापाकडे पाहिलंही नाही. मुलाला म्हणाल्या, "तुझा हात दे." त्याचं मनगट त्यांनी पकडलं, बोटं वरून, अंगठा खालून. "तुझा हात म्हणजे रूळ, माझा हात म्हणजे चाकं. आता हात न वळवता माझा पंजा वर उचलून काढ बघू." पोराने प्रयत्न केला, निघेना. हसला. मग बापानेही मनगट पुढे केलं. कोणाला चूक ठरवावं लागलं नाही, आणि रांगेतल्या सात-आठ जणांना तीन चाकांची गोष्ट कळली.

पण मंडळी, सगळ्याच चुकीच्या समजुती एका मापाने मोजायच्या नसतात. कोणी म्हणालं की याचा वेग ताशी 300 आहे, तर म्हणू दे. त्याने कोणाचं बिघडत नाही. भीतीवर हळू हात फिरवावा. मात्र जिथे चुकीच्या समजुतीने इजा होऊ शकते तिथे ओशाळायचं नाही, लगेच बोलायचं. मोबाइल हातात धरून शूटिंग करू पाहणारा शेजारी, हा खरा धोका. ताशी शंभरच्या वेगात निसटलेला फोन मागच्या माणसाच्या तोंडावर दगडासारखा बसतो. डिस्नेने 2015 मध्ये आपल्या पार्कांतून सेल्फी स्टिकवर बंदी घातली ती उगीच नाही. दांडा पोटाला टेकू नये म्हणून श्वास कोंडून पोट फुगवणारेही असतात. त्यांना टोकायचं, आणि नाही ऐकलं तर ऑपरेटरला सांगायचं. तिथे भिडस्तपणा कामाचा नाही.

आणि एक गैरसमज असा आहे, की तो मला सगळ्यात घातक वाटतो. गाडी मध्येच थांबली की लोक ओरडतात, "बिघडली! अडकले!" वर्तमानपत्रातही तसंच छापून येतं.

आपण रेल्वेने फिरतो. गाडी आउटर सिग्नलला का उभी राहते? पुढच्या टप्प्यात दुसरी गाडी आहे म्हणून. कोस्टरचा मार्गही असाच टप्प्याटप्प्यांत विभागलेला असतो. एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी. पुढचा टप्पा मोकळा झाल्याची खात्री संगणकाला पटली नाही, तर तो मागची गाडी थांबवतो. म्हणजे थांबणं हे बहुतेक वेळा यंत्रणा जागी असल्याचं लक्षण.

2 जून 2015 रोजी इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्समध्ये 'स्मायलर' कोस्टरवर काय झालं, पाहा. एक रिकामी चाचणीची गाडी वाटेत अडकून राहिली होती. संगणकाने प्रवासी असलेली मागची गाडी बरोबर थांबवली. कर्मचाऱ्यांना वाटलं, संगणकच चुकतोय, वाट मोकळी आहे. त्यांनी त्याचा हुकूम बाजूला सारून गाडी सोडली. गाडीत 16 जण होते. टक्कर झाली आणि दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला. पुढच्या वर्षी कोर्टाने चालक कंपनीला 50 लाख पौंड दंड केला. यंत्र थांबलं होतं. माणसांना थांबणं म्हणजे बिघाड वाटला. म्हणून रांगेत "चला ना, किती वेळ, बंद पडलंय वाटतं" असा गलका सुरू होतो तेव्हा कोस्टरवेड्याने तोंड उघडावं असं मला वाटतं. ऑपरेटरवर घाईचा दबाव आणणारी गर्दी ही नुसती अडाणी नसते.

कोस्टरवेड्यांनाही मी एक गोष्ट सुनावली. सीडर पॉइंटला 2003 मध्ये 'टॉप थ्रिल ड्रॅगस्टर' आला, 128 मीटर उंच. ताशी 193 किलोमीटर वेगाने सोडलेली गाडी कधीकधी शिखरापर्यंत पोचायची नाही आणि उलटी खाली यायची. लोक किंचाळायचे, "ब्रेक फेल!" कोस्टरवेडे मात्र असा 'रोलबॅक' मिळावा म्हणून नवस बोलायचे, कारण तो हिशेबात धरलेलाच होता, खाली ब्रेकच्या पट्ट्या वर आलेल्या असायच्या. इथपर्यंत कोस्टरवेडे बरोबर. पण ऑगस्ट 2021 मध्ये त्याच कोस्टरच्या गाडीचा एक धातूचा तुकडा निखळला आणि रांगेत उभ्या असलेल्या महिलेच्या डोक्याला लागला. गंभीर इजा झाली. राइड त्या रूपात परत सुरू झालीच नाही. 2024 मध्ये नव्या गाड्यांसह, नव्या नावाने आली. तेव्हा "काहीही होत नाही हो" हेसुद्धा लंगर-गपच. "काय होऊ शकतं आणि ते होऊ नये म्हणून काय केलंय" एवढंच जाणकाराने सांगावं.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. जत्रेतला पाळणा, फिरतं चक्र, झोका, कोस्टर, सगळ्याला एकच नाव. 2019 च्या जुलैमध्ये अहमदाबादच्या कांकरियाला राइड तुटून दोघांचा जीव गेला, ती लोलकासारखी झुलणारी राइड होती. तरी नंतर कित्येक महिने मला लोक सांगत होते की तिथे रोलर कोस्टर कोसळला. प्रत्येक यंत्राची मोडण्याची जागा वेगळी असते, म्हणून तपासणीही वेगळी. खोपोलीच्या इमॅजिकातल्या 'नायट्रो'वर पायाखाली तळ नसतो, पाय लोंबकळत राहतात. "पाय कापले जातील" म्हणून लोक ते पोटाशी घेतात. पायांना लागणारी मोकळी जागा आराखड्यातच सोडलेली असते. कापले जात नाहीत, खुशाल सोडा.

मी राहतो सिकंदराबादला. इथल्या वंडरलामध्ये 'रिकॉइल' आहे. त्याची गाडी आधी मागे उंच ओढतात, मग सोडतात. ती तीनदा उलटी होऊन पुढच्या चढावर जाते, आणि तिथून त्याच वाटेने उलट दिशेने परत येते. परवा नातवाला घेऊन गेलो होतो. शेजारच्या रांगेतल्या एक आजी गाडी मागे येताना बघून कळवळल्या, "अगं बाई, वर चढलीच नाही, परत आली!"

नातू सगळं जाणतो. तोंड उघडणार तेवढ्यात मी त्याच्याकडे बघितलं. थोडा थांबला, मग म्हणाला, "आजी, पुढची गाडी बघू या आपण. तीपण परत येते का ते."

आली. आजींनी तिसरीही पाहिली, चौथीही पाहिली. पाचवीत त्या स्वतः बसल्या. माझ्या शेजारी. माझी मान अजून दुखतेय.