काल तर ठणठणीत होतं!

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला अजगर, आपल्या अजगरापुढे अगदीच बुटका. कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागातला, लाल-नारिंगी ठिपक्यांचा सडपातळ साप. दोघेही बिनविषारी आणि स्वभावाने गरीब, त्यामुळे अमेरिका-युरोपात हौशी लोक घरच्या घरी, प्लास्टिकच्या डब्यांच्या मांडण्यांवर त्यांची पैदास करतात. या हौसेत पडलेल्या जवळजवळ प्रत्येकावर एक प्रसंग येतोच. सकाळी डबा उघडावा, तर दीड वितीचं पिलू उताणं पडलेलं. मग तर्कांना ऊत येतो. त्यातले बरेच चुकीचे असतात आणि काही तर उरलेल्या पिलांच्या जिवावर उठणारे.

‘काल तर ठणठणीत होतं, रात्रीत गेलं.’

साप कण्हत नाही, लंगडत नाही, कोपऱ्यात तोंड घालून बसला तरी वेगळा वाटत नाही. धडधाकट सापही दिवसभर वेटोळं घालून पडूनच असतो आणि मरणपंथाला लागलेलाही तेच करतो. त्यात त्याचं शरीर मंद गतीने चालणारं. माणसाचं दुखणं दोन दिवसांत जितकं पुढे जातं, तितकं जायला सापाला आठवडे लागतात. नुकतं अंड्यातून निघालेलं कॉर्न स्नेकचं पिलू भरतं सहा ते आठ ग्रॅम. त्यातला एक ग्रॅम घटला तर हाताला काही कळत नाही, पण पिलाच्या अंगाचा सहावा ते आठवा हिस्सा गेलेला असतो. म्हणून जाणकार पाळणारे दशांश ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा ठेवतात आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावतात: वजन किती, कधी खाल्लं, कधी टाळलं, कात कधी टाकली, ओकलं का. पिलू गेल्यावर ती चिठ्ठी उलटी वाचत गेलं, की ‘रात्रीत’ घडलेली गोष्ट बहुतेक वेळा तीन-चार आठवड्यांपूर्वी सुरू झालेली दिसते. चिठ्ठीच नसेल तर मात्र सगळाच अंदाजपंचे कारभार.

खरोखर रात्रीत जाणारी पिलंही असतात, आणि तिथे आधी संशय घ्यावा तो उष्णतेच्या सोयीचा. डब्याखाली गरम होणारी चटई असते आणि तिला आवर घालायला थर्मोस्टॅट. त्याची तापमान मोजणारी बारीक वायर चटईवर चिकटवलेली असते. ती चिकटपट्टी सुटून वायर बाजूला लोंबली, की थर्मोस्टॅट खोलीची थंड हवा मोजतो आणि चटईला आणखी तापवत राहतो. वर बघावं तर आकडा थंडच, खाली डब्याचा तळ भाजतोय! पिलाला पळायला जागा असते ती फूटभर. दुसरा संशय फवाऱ्यांवर. सापाच्या अंगावरचे माइट मारायला आणलेलं औषध बंद डब्यात जास्त मारलं, तर माइटबरोबर पिलूही जातं. डास-झुरळांच्या फवाऱ्यांतही बहुधा त्याच कुळातली रसायनं असतात.

‘पैदाशीतलं आहे, म्हणजे धडधाकटच असणार.’

यात अर्धं सत्य आहे. टोगो, बेनिन, घाना या देशांतून बॉल पायथन मोठ्या संख्येने निर्यात होत आले आहेत. रानातल्या गाभण माद्या किंवा अंडी आणून, पिलं फुटली की ती परदेशी पाठवायची, अशी तिथली पद्धत. रानातून धरलेल्या सापाच्या अंगात जंत, अंगावर गोचिडी आणि वर प्रवासाचा ताण. त्याच्या तुलनेत घरच्या पैदाशीतलं पिलू नक्कीच बरं. पण बरं म्हणजे अमर नव्हे.

अंडी फुटतानाच पाहा. बॉल पायथनची अंडी ३१-३२ अंश सेल्सिअसला साधारण दोन महिन्यांत उबतात. पिलू तोंडाच्या टोकावरच्या इवल्याशा दाताने कवचाला चीर पाडतं, नाक बाहेर काढतं आणि तसंच बसून राहतं, कधी कधी दिवस-दीड दिवस. बाहेरच्याला वाटतं, अडकलं बिचारं. आत मात्र उरलेला बलक बेंबीवाटे पोटात ओढून घ्यायचं काम चालू असतं. त्याच शिदोरीवर त्याला पुढचे दिवस काढायचे असतात. इथे ज्याला धीर निघत नाही तो पिलाला ओढून काढतो, बलकाची पिशवी फाटते आणि आठवड्याभरात पिलू जातं. कोणी हात न लावताही काही पिलं पाठीचा कणा वाकडा घेऊन येतात, काहींची बेंबी मिटत नाही, काही पूर्ण वाढ होऊन अंड्यातच मरतात. रानातही हे होतंच, फक्त तिथे मोजणारं कोणी नसतं. सापांच्या बहुतेक जातींचा हिशेबच अंडी भरपूर घालायची आणि थोडी पिलं जगायची, असा असतो. रानात जी अंडी सुकून, भिजून किंवा घोरपडीच्या पोटात गेली असती, ती उबवणीच्या यंत्रात फुटतात. म्हणजे निसर्गाने आधीच वगळलं असतं असं एखादं अशक्त पिलू डब्यापर्यंत पोचतं आणि तिथे मरतं.

काही दोष माणसाने हौसेने जोपासलेले आहेत. ‘स्पायडर’ नावाचा बॉल पायथनचा रंगप्रकार दिसायला देखणा, पण त्याची मान डुलते, डोकं उलटं फिरतं, भक्ष्यावरचा नेम चुकतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या सीटी स्कॅनच्या अभ्यासात या सापांच्या आतल्या कानाची, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या भागाचीच, रचना बिघडलेली दिसली. रंग आणि दोष एकाच जनुकाशी जोडलेले आहेत, त्यामुळे रंग ठेवून दोष काढता येत नाही. माझ्या मते हा प्रकार पैदा करणं बंद व्हायला हवं.

‘खात नाही? मग कोंबा घशात.’

पिलू पहिली कात साधारण सात ते दहा दिवसांत टाकतं आणि त्याआधी बहुधा खातच नाही. त्यानंतरही बॉल पायथनची पिलं कित्येक आठवडे उपास करतात, आणि अंगातली बलकाची शिदोरी व पुरेसं पाणी यांवर तगून राहतात. उपाशी पिलापेक्षा घाबरलेलं पिलू लवकर मरतं, हे नवख्याला पटत नाही. मोठा उघडा डबा, लपायला जागा नाही, दर दोन तासांनी कोणीतरी हातात घेतंय. अशा ठिकाणी कोण जेवेल? डबा लहान करावा, लपायला दोन आडोसे द्यावेत, तापमान तपासावं आणि आठवडाभर दूर राहावं. एवढ्याने बरीच पिलं खायला लागतात. जबरदस्तीने भरवणं हा शेवटचा उपाय आणि तो सापांच्या डॉक्टरच्या देखरेखीखालीच. नाजूक अन्ननलिका फाटते, श्वासनलिकेत घास जातो.

ओकलेल्या पिलाचंही तसंच. डबा पुरेसा गरम नसेल, तर पोटातलं उंदराचं पिलू पचायच्या आधी कुजतं आणि बाहेर येतं. काळजीपोटी लगेच दुसरं दिलं जातं. ओकताना पोटातली आम्लं आणि पाणी दोन्ही गेलेलं असतं, त्यात हा दुसरा घास. अनेक पिलं पहिल्या ओकारीने नाही, या घाईने जातात. निदान दहा-बारा दिवस पोटाला विश्रांती, मग नेहमीपेक्षा निम्मा घास. (आपल्याकडे नागपंचमीला तहानलेल्या नागाला दूध पाजलं जातं, तेही भक्तीपोटीच. दूध त्याला पचत नाही आणि फुप्फुसात गेलं तर नाग मरतो.)

‘मेलेल्याचं काय तपासायचं?’

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हा. मेलेलं पिलू हा उरलेल्यांसाठी एकमेव साक्षीदार असतो. बोआ आणि अजगरांत इन्क्लुजन बॉडी डिसीज नावाचा रोग १९७०च्या दशकापासून माहीत होता, पण त्यामागचे विषाणू सापडले २०१२ मध्ये. काही बोआ तो वर्षानुवर्षं अंगात बाळगून निरोगी दिसतात, शेजारचा अजगर मात्र झटके येऊन मरतो. बॉल पायथनच्या श्वसनमार्गावर हल्ला करणारे निडोव्हायरस २०१४ मध्ये ओळखले गेले. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी जठर सुजवतो, साप ओकत राहतो, आणि घरातलं नेहमीचं ब्लीच त्या परजीवीचं काही वाकडं करू शकत नाही. तिन्ही रोग एका डब्यातून दुसऱ्यात जाऊ शकतात, आणि नुसत्या डोळ्यांनी पाहून तिन्हींबद्दल कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मात्र शव कसं ठेवलं, यावर तपासणी अवलंबून. पहिली प्रतिक्रिया असते ते फ्रीझरमध्ये टाकायची. तिथे पेशींत बर्फाचे कण होतात, पेशी फाटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखं फारसं उरत नाही. शव पिशवीत घालून फ्रिजच्या साध्या कप्प्यात ठेवावं आणि शक्यतो एका दिवसात डॉक्टरकडे न्यावं. साप लवकर कुजतो, लहान साप आणखी लवकर.

पण त्याआधी ते खरंच मेलंय ना, याची खात्री. थंडावलेला साप मेल्यासारखा निपचित पडतो. उलट, मेलेल्या सापाचं हृदय नंतरही बराच वेळ धडधडू शकतं. शंका असेल तर त्याला हळूहळू ऊब देऊन वाट पाहायची. ‘शांतपणे झोपी जाईल’ म्हणून आजारी पिलाला जिवंतपणी घरच्या फ्रीझरमध्ये ठेवणं हा दयेचा मार्ग मुळीच नाही. पशुवैद्यकांच्या संघटना तो अमान्य ठरवतात. त्यासाठी डॉक्टरकडे इंजेक्शन असतं.

‘सापाचं काय एवढं वाईट वाटून घ्यायचं?’

वाटतं. दोन महिने यंत्राचा आकडा पाहण्यात गेलेले असतात. ‘साप तो साप’ म्हणणाऱ्यांशी वाद घालू नये, आणि स्वतःला दोष देत बसण्याआधी तपासणीचा अहवाल येऊ द्यावा. त्यात कधी कधी ‘कारण निश्चित नाही’ एवढंच असतं. तेही मान्य करावं लागतं. तोवर त्या खोलीत नवा साप आणायचा नाही, आणि पुढे आणला तर दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवायचा, वेगळ्या चिमट्याने भरवायचा आणि त्याची पाळी सगळ्यांत शेवटी.

आपल्याकडे नाग, धामण, अजगर असे देशी साप पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. परदेशी सापांची हौस मात्र मुंबई-पुण्यात पोचली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बिस्किटं-केकच्या पाकिटांत लपवून आणलेले बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक पकडले गेले. बॉल पायथन आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारातल्या यादीत आहे, आणि २०२२च्या कायदादुरुस्तीनंतर अशा प्राण्याची नोंद करणं बंधनकारक झालं. पिलं झाली तर तेही कळवायचं आणि मेली तर तेही. त्यामुळे नोंदणी केलेल्याने गेलेलं पिलू अंगणात पुरण्याआधी कागद पुरा करावा. चोरट्या वाटेने घेतलेल्याची अडचण वेगळी: त्याला साप दाखवायला डॉक्टरकडे जायचीही भीती वाटते.