चमकेकडून जपणुकीकडे : परभणीतल्या गाड्यांच्या रंगाची दहा वर्षं

२०१५ ते २०२५ या दहा वर्षांत परभणी जिल्ह्यात गाडीच्या रंगाची निगा राखण्याचं काम पार बदललं. सुरुवातीला फोन यायचा तो “पॉलिश मारून द्या” एवढ्यासाठीच. आज गंगाखेडचा किंवा सेलूचा माणूस विचारतो, “रंग टिकवायचा तर काय करू?” सामान गाडीत भरून गावोगावी, लोकांच्या अंगणात जाऊन हे काम करणाऱ्याला या प्रश्नाचं मोल कळतं. पॉलिश केल्याने रंग वाढत नाही, तो झिजतो. ही साधी गोष्ट गिऱ्हाइकांच्या आणि आम्हा कारागिरांच्या गळी उतरायला इतकी वर्षं लागली.

पॉलिशची सवय जुन्या गाड्यांपासूनची. अॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात पत्र्यावरचा रंग वरपासून खालपर्यंत एकच असायचा. उन्हाने त्याचा वरचा पापुद्रा मेला की गाडी फिकी, खडूसारखी दिसायची. ड्रायव्हर मंडळी वॅक्सपॉलचा डबा काढून फडक्याने घासत. मेलेला थर निघून खालचा ताजा रंग वर येई आणि फडकं गाडीच्या रंगात माखे. रॉकेलचा बोळा फिरवून तात्पुरती चकाकी आणण्याचीही रीत होती. जाड रंगाच्या गाडीला हे सोसायचं.

पुढे मेटॅलिक रंग आले आणि गाडीची कातडीच बदलली. आता पत्र्यावर आधी गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअरकोट असतो. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यात क्लिअरकोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. उन्हातले अतिनील किरण अडवणारी रसायनं याच थरात असतात, आणि पॉलिशचं मशीन झिजवतं तेही यालाच. क्लिअरकोट म्हणजे पुनर्भरण नसलेली बोअर आहे. उपसा तेवढा होतो, भर काही पडत नाही.

दहा वर्षांपूर्वी हे सांगणारं इथे फारसं कोणी नव्हतं. डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात रोटरी मशीन, लोकरीचा पॅड आणि जाड कंपाउंड यांवरच भागायचं. गाडी सावलीत उभी असेतो काचेसारखी दिसायची, आणि बाहेर उन्हात काढली की बॉनेटभर गोल गोल चरे. मालक चार महिन्यांनी पुन्हा यायचा, पुन्हा मशीन फिरायचं. दरवेळी थोडा क्लिअरकोट जायचा.

बदलाचा पहिला धक्का पाण्याने दिला. २०१५-१६ चा दुष्काळ मराठवाडा विसरणार नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. परभणीतही टँकरपुढे हंड्यांच्या रांगा होत्या. अशा वेळी पाइप लावून दीड-दोनशे लिटर पाण्यात गाडी धुणं मनाला पटेना. फिरतं काम करणाऱ्याला तर पाणी सोबतच न्यावं लागतं. माझ्या ओम्नी व्हॅनमध्ये टाकी किती मोठी बसणार? म्हणून बादलीभर पाण्याची पद्धत आली. पाण्यात एक पॉलिमर मिसळायचा, तो धुळीच्या कणाला वेढून पृष्ठभागावरून सुटा करतो. मऊ मायक्रोफायबर त्या पाण्यात भिजवायचा आणि एका दिशेने, दाब न देता ओढायचा. घडी उलटायची, की पुढच्या भागाला स्वच्छ बाजू. दहा-बारा लिटरमध्ये गाडी निघते. चिखलाने बरबटलेल्या गाडीला मात्र आधी पाण्याचा मारा द्यावाच लागतो. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सरकारने राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तोवर ही पद्धत अंगवळणी पडली होती.

त्यातून आणखी एक गोष्ट उमगली. गाड्यांवरचे बहुतेक चरे रस्त्यावर पडलेले नसतात, ते घरच्या अंगणातच पडतात. काळ्या मातीच्या धुळीत बारीक खडे असतात. सकाळी ऑफिसला निघताना कोरड्या फडक्याने गाडी झटकली की तेच खडे रंगावर फिरतात. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत तर हवेत भुसाच असतो. कोरडा फडका बंद करा, एवढ्या एका सल्ल्याने जेवढे रंग वाचले तेवढे कुठल्याही महागड्या बाटलीने वाचले नाहीत.

दुसरा धडा बोअरच्या पाण्याचा. आपल्या बेसॉल्ट खडकातलं पाणी जड, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. उन्हात तापलेल्या बॉनेटवर थेंब वाळला की पाणी उडतं आणि पांढरं कडं मागे राहतं. ताजं कडं सौम्य आम्लाने निघतं. उन्हाळाभर राहिलं तर ते क्लिअरकोटमध्ये उतरतं आणि मग मशीनशिवाय जात नाही. यावरचा उपाय गावातच सापडला. गल्लोगल्ली मिळणारा वीस लिटरचा आरओचा जार घ्यायचा आणि शेवटची धार त्याच पाण्याची द्यायची. ती देण्यासाठी शेतकऱ्याचा बॅटरीवरचा फवारणी पंप, पण कोरा. औषधाचा थेंबही न लागलेला. बारीक फवाऱ्याने दोन-तीन लिटरमध्ये अख्खी गाडी निथळते आणि एकही डाग राहत नाही.

याच सुमारास रंगाची जाडी मोजणारं यंत्र हाती आलं आणि अंदाजाचा कारभार संपला. जिंतूर रोडवरचा एक प्रसंग सांगतो. एका काकांनी मुलासाठी जुनी गाडी घेतली होती. यंत्र लावलं तर बॉनेट ११२ मायक्रॉन, छप्पर १०८, डावा दरवाजा ११७ आणि उजवा मागचा दरवाजा थेट ६४०. काका म्हणाले, “अहो, विकणाऱ्याने तर एकदाही ठोकलेली नाही म्हणून शपथ घेतली!” दरवाजाच्या रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली होती. यंत्राने ते क्षणात सांगितलं. पण मला जास्त मोलाचा वाटला तो पुढचा आकडा. बॉनेटच्या पुढच्या कडेला ७८ भरले. तिथे आधी कोणीतरी भरपूर घासलं होतं. त्या कडेला मशीन लावायचं नाही, असं काकांना समोर दाखवून ठरवलं. चरे थोडे राहिले, रंग राहिला.

मशीनही बदललं. रोटरी एकाच जागी गरागरा फिरतं आणि चटकन तापतं. आता आलेलं ड्युअल अॅक्शन पॉलिशर फिरता फिरता डोलतंही, त्यामुळे उष्णता कमी आणि कडा जळण्याची भीतीही कमी. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण अभिमानाने म्हणतो. त्या जर्मनीची मेंझर्नासारखी बारीक कंपाउंडं आता परभणीच्या पोरांच्या हातात आहेत आणि ती कशी वापरायची हेही त्यांना ठाऊक आहे.

मग सिरॅमिक कोटिंगची लाट आली. त्याआधी नव्या गाडीसोबत ‘टेफ्लॉन कोटिंग’ विकलं जायचं. टेफ्लॉन पृष्ठभागाला पक्कं धरायला तीनशे अंशांहून अधिक उष्णता लागते, गाडीला ती देता येत नाही; त्यामुळे प्रत्यक्षात ते चांगलं पॉलिशच असायचं. सिरॅमिक खरोखर वेगळं आहे. त्यातली सिलिकाची संयुगं क्लिअरकोटला घट्ट धरतात, धूळ कमी चिकटते, धुणं सोपं होतं. पण ‘नाइन एच’ या शब्दाने लोकांची फार दिशाभूल झाली. तो पेन्सिलच्या शिशाने ओरखडा काढून बघण्याच्या चाचणीतला आकडा आहे. जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा हा थर दगड, किल्ली किंवा काटेरी बाभळीची फांदी अडवत नाही. जड पाण्याचे डागही त्यावर पडतात. दगडापासून वाचवते ती १५०-२०० मायक्रॉनची पारदर्शक फिल्म. तिचा उगम व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरची पाती वाचवण्यासाठी केलेल्या पट्टीत आहे. ती बसवायला धूळमुक्त बंद जागा हवी. अंगणात हे काम घेऊ नये आणि मी घेत नाही.

सिरॅमिकसुद्धा परभणीच्या हवामानाला विचारूनच लावावं लागतं. मे महिन्यात दुपारी ते पुसायच्या आत वाळतं आणि डाग धरतं. म्हणून काम पहाटे, पत्रा थंड असताना, हातभर जागा एका वेळी. नंतर निदान रात्रभर गाडी शेडमध्ये कोरडी हवी.

२५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत गाड्या आठवडेच्या आठवडे लिंबाखाली उभ्या राहिल्या. पक्ष्यांच्या विष्ठेतलं आम्ल उन्हाने मऊ पडलेल्या क्लिअरकोटमध्ये शिरलं आणि त्याचे ठसे उमटले. तेव्हापासून लोक स्वतःहून विचारू लागले. मीही मग प्रत्येक गावची दुखणी टिपायला लागलो. पूर्णा जंक्शनजवळ रोज उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या गाड्यांवर बारीक तांबूस ठिपके दिसतात. रेल्वेची चाकं, रूळ आणि ब्रेक यांच्या घर्षणातून उडालेले हे लोखंडाचे कण. त्यावर लोह विरघळवणारं द्रावण फवारलं की दोन मिनिटांत प्रत्येक ठिपका जांभळा होऊन ओघळतो, घासावं लागत नाही. कल्याण–निर्मल महामार्गावरच्या पाथरी-मानवतच्या गाड्यांना डांबराचे थेंब. लग्नाच्या गाड्यांना फुलं चिकटवलेल्या टेपचा गोंद. दसऱ्याला बॉनेटवर काढलेल्या स्वस्तिकाचं कुंकू आठवडाभर राहिलं तर पांढऱ्या रंगात उतरतं. पूजा व्हायलाच हवी. कुंकवाचं बोट पुढच्या काचेला लावलं तरी ती पुरी होते, असं मी सांगतो आणि बहुतेक घरांत ते मानलं जातं.

आज नऊही तालुक्यांत हे काम करणारी तरुण मुलं आहेत. त्यांच्याकडून आणि गिऱ्हाइकांकडून माझी मागणी स्पष्ट आहे. मशीन लावण्याआधी जाडी मोजावी आणि आकडे कागदावर लिहून मालकाला द्यावेत, म्हणजे पुढचा कारागीर किती घासायचं ते जाणेल. वॉशिंग सेंटरवर गाड्या पुसणाऱ्या पोरांना एका फडक्यात अख्खी गाडी पुसायची नाही, हे आधी शिकवावं, कारण रंग तिथेच वाचतो किंवा तिथेच जातो. मोठं पॉलिश गाडीच्या आयुष्यात एक-दोनदाच व्हावं. आपल्याकडे गाडी बहुतेकदा कर्ज काढून, शेतमाल विकून किंवा वर्षानुवर्षं पैसे साठवून येते. ती पंधरा वर्षं नीट दिसावी हा मालकाचा हक्क आहे, आणि ते करून देणं एवढंच आमचं काम आहे.