गिरगाव-लालबागचा खेळ आणि कुलाब्याची चिप

खेळ असा

एक भिडू गिरगावात, दुसरा लालबागमध्ये. फोन बंद. दोन्हीकडे पंच नाणं उडवतो आणि आपलं नाणं पाहून भिडूनं लगेच ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. दोन्हीकडे छापा पडला तर उत्तरं वेगळी हवीत, एरवी सारखीच. आधी कितीही संगनमत करा, सरासरी शंभरात ७५ डावांपुढे जाता येत नाही. ‘काही पडलं तरी दोघांनी हो म्हणायचं’ हा बावळट बेत चारात तीनदा जिंकतो, आणि याहून सरस बेत नाहीच.

जॉन बेल यांनी १९६४मध्ये मांडलेल्या विचाराचं हे खेळातलं रूप. भिडूंजवळ एकमेकांत गुंतलेले क्यूबिट (क्वांटम संगणकाचे मूलघटक) असतील, तर ८५पर्यंत मजल जाते. तरी निरोप एकही जात नाही; लालबागला काय पडलं हे गिरगावकराला कळतच नाही. निरोपाशिवाय ७५ ओलांडण्यालाच अस्थानिकता म्हणतात.

कुलाब्यात काय आहे

असे क्यूबिट आपल्याकडेही बनतात: कुलाब्यातल्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत आर. विजयराघवन यांचा गट अतिवाहक क्यूबिट बनवतो. त्यांच्या ६ क्यूबिटांच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण झाल्याचं ऑगस्ट २०२४मध्ये जाहीर झालं. नियंत्रण आणि मापनाची जुळणी डीआरडीओच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेची, क्लाउडची बाजू टीसीएसची. अशा क्यूबिटचा गाभा म्हणजे ॲल्युमिनियमचे दोन थर आणि मध्ये ऑक्साइडचा पापुद्रा. तो निरपेक्ष शून्याच्या जेमतेम एक-दोन शतांश अंश वर ठेवावा लागतो.

मेख

एकाच चिपवर हा खेळ खेळवता येतो, पण तिथले भिडू म्हणजे भिंतीला कान लावलेले चाळीतले शेजारी. अंतर काही मिलिमीटर. एक मापन होईतो प्रकाश चिपवर हजारो फेऱ्या मारेल. चोरून निरोप गेला नाही, हे कशावरून? म्हणून ७५ ओलांडले तर यंत्र चांगलं आहे एवढंच कळतं. अस्थानिकता सिद्ध झाल्याच्या बातम्या मी तरी बेतानंच वाचतो.

तीस मीटरची नळी

झुरिचच्या ईटीएच विद्यापीठानं २०२३मध्ये दोन अतिवाहक क्यूबिट ३० मीटर लांबीच्या, आतून गोठवलेल्या नळीनं जोडले. म्हणजे लोकलचा दीड डबा. तेवढं अंतर कापायला प्रकाशाला १०० नॅनोसेकंद लागतात, आणि मापन त्याआधीच उरकलं. निकाल आपल्या खेळाच्या हिशेबात शंभरात ७५.९. फरक चिमूटभर, पण डाव दहा लाखांवर खेळले गेले, त्यामुळे योगायोग म्हणायची सोय उरली नाही.

गिरगाव ते लालबाग अशी नळी गोठवणं परवडायचं नाही. अशा लांबच्या अंतराला फायबर आणि प्रकाशकणच बरे. डेल्फ्टमध्ये २०१५ साली १.३ किलोमीटरवरचे दोन हिरे तसेच जोडले होते.