दुधाच्या खाड्याशेजारचं टिंब

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख आणि मधूनच एक बारीकसं टिंब असायचं. ते आईच्या पाळीचं, हे कळायला मला माझी पाळी यावी लागली. घरात त्याला 'कावळा शिवला' म्हणत. शिवला तर विटाळाची कटकट, नाही शिवला तर घोर. आता भाचीच्या मोबाइलमधलं अ‍ॅप 'उशीर' म्हणून लाल होतं. भाची चौदाची, पाळी येऊन दोन वर्षं झालेली.

वहिनीने तिला सोनोग्राफीला नेलं, मी सोबत. लिटरभर पाणी पिऊन, लघवी दाबून पोरगी पाऊण तास बाकावर. रिपोर्टात बीजकोश मोठे, कडेने बारीक पुटकुळ्या आणि शेवटी 'पीसीओडी?' त्या प्रश्नचिन्हाकडे कुणी पाहिलंच नाही. "हिला पुढे मूल होईल ना?" वहिनीने हळूच विचारलं, पण मुलीला ऐकू जाईल इतपत मोठ्याने.

मेंदू आणि बीजकोश यांचं सूत जुळायला वेळ लागतो. रक्तस्राव भलताच नसेल, तर पहिलं वर्ष अनियमित गेलं तरी चालतं. पुढची दोन वर्षं २१ ते ४५ दिवसांचं अंतर ठीक. त्यानंतर २१ ते ३५. पहिल्या वर्षानंतर एखादी पाळी ९० दिवसांपलीकडे गेली किंवा पंधराव्या वर्षापर्यंत पाळीच आली नाही, तर डॉक्टर गाठावा. कोवळ्या वयात बीजकोश तसेही भरगच्च दिसतात. म्हणूनच पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षं सोनोग्राफीवरून पीसीओडीचं निदान करू नये, असं २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात.

घोळ नावापासूनच आहे. पीसीओडी म्हणजे पुष्कळ गाठींच्या बीजकोशांचा आजार. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी सात बायकांची हकीकत छापली. त्यांच्या बीजकोशांची फाक कापल्यावर सगळ्यांची पाळी परतली, दोघींना दिवस राहिले. तेव्हापासून 'गाठी' हा शब्द चिकटला तो चिकटलाच. त्या गाठी नव्हेत. वाढ अर्ध्यावर थांबलेल्या, स्त्रीबीज असलेल्या पिशव्या आहेत. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, पुरुषी संप्रेरकं वाढतात, बीज फुटायचं राहतं. हनुवटीवर केस, हट्टी मुरुमं, लांबलेली पाळी ही त्याची बाहेरची खूण. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जननक्षम वयातल्या ६ ते १३ टक्के स्त्रियांना हा त्रास असतो. मात्र थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासल्याशिवाय हा शिक्का मारूच नये.

आता वहिनीचा प्रश्न. बीज दरमहा फुटत नाही, म्हणजे कधीच फुटत नाही असं नव्हे. 'आपल्याला कुठे राहतंय' म्हणून बेफिकीर राहिलेल्या कितीतरी जणींना नको तेव्हा दिवस गेले आहेत. वजन जास्त असेल, तर शंभरातले पाच-दहा किलो उतरल्यानेही कित्येकींची पाळी रुळावर येते. नाहीतर बीज फुटायला मदत करणारं लेट्रोझोल आहे. मुळात हे स्तनाच्या कर्करोगावरचं औषध. वंध्यत्वासाठी ते वापरायला भारतात २०११ साली बंदी आली, २०१७ मध्ये उठली. मधल्या काळात, २०१४ साली, ७५० स्त्रियांवरच्या अमेरिकी चाचणीत ते जुन्या क्लोमिफीनपेक्षा सरस ठरलं होतं.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. पाळी महिनोन्‌महिने न आल्यास गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं, पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. इन्सुलिनच्या बिघाडाने साखरही वाढू शकते. याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नाही. काळजी फक्त लग्नाची आणि पाळण्याची. त्याच घरात गौरी-गणपतीला मुलींना पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या बिनदिक्कत दिल्या जातात आणि नंतर 'तारीख कशी चुकली' म्हणून विचारलं जातं!

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि तारखा मागितल्या. वहिनीने पिशवीतून कालनिर्णय काढलं. भाचीची टिंबं हिरवी, दुधाच्या खाड्याशेजारी. बाईंनी बोट ठेवत मोजलं : ३३, ४१, ३८, ४४. गोळी लिहिली नाही. "सहा महिन्यांनी या, हे घेऊन."

भाचीने विचारलं, "पाणी पिऊन यायचं?"

"नाही गं."