तोफेच्या तोंडी देव आठवतोच का?

बोईसर म्हटले की एमआयडीसी डोळ्यांपुढे येते आणि तारापूर म्हटले की अणुवीज केंद्र. पण पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या तारापूरच्या किल्ल्यासाठी जानेवारी 1739 मध्ये जी झुंज झाली, ती पालघर जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत सांगायला हवी. चिमाजी आप्पा स्वतः मोहिमेवर होते. सुरुंगांनी तट फोडला, मराठे आत घुसले, हातघाईची लढाई झाली आणि बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. बाजीराव पेशव्यांना ते भावाच्या ठिकाणी होते. बाजीरावांनी बाजी भिवरावांच्या आईला लिहिलेले सांत्वनपत्र आजही वाचवत नाही.

तारापूरनंतर वसई पडली, आणि तिच्याभोवती लढणाऱ्या माणसाच्या श्रद्धेबद्दलच्या अनेक समजुती जमल्या. त्यातल्या काही आजच्या जवानालाही लावल्या जातात.

गैरसमज : वज्रेश्वरीला नवस बोलला म्हणून वसई मिळाली.

नवसाची परंपरा जुनी आहे आणि तो फेडण्यासाठी बांधलेले देऊळ आजही भिवंडी तालुक्यात उभे आहे. ज्याने नवस केला त्याची श्रद्धा खरी होती, यात शंका घेण्याचे कारण नाही. पण वसईचा वेढा फेब्रुवारीपासून मेपर्यंत चालला. तटाखाली भुयारे खणून दारू ठासणारे सुरुंगवाले, खंदकापर्यंत मोर्चे सरकवणारे बेलदार आणि पुन्हापुन्हा खिंडाराकडे धावणारे पायदळ यांनी तो जिंकला. सगळे सुरुंग वेळेवर उडालेही नाहीत. एक उशिरा उडाला आणि खिंडारात पोचलेले मराठेच त्यात गेले. मारले गेलेले आणि जखमी मिळून पाच हजारांहून जास्त माणसे खर्ची पडल्याचे मराठ्यांनीच मान्य केल्याची नोंद ग्रँट डफने केली आहे. त्यातल्या किती जणांनी शेवटच्या क्षणी कोणाचे नाव घेतले, हे कोणत्याही कागदात नाही. पत्रांत यश देवाच्या कृपेचे आणि धन्याच्या पुण्याईचे म्हणून लिहायची तेव्हा रीतच होती. त्यावरून सरदाराचा शिष्टाचार कळतो. भुयारात गुडघ्यांवर बसलेल्या माणसाच्या मनात काय चालले होते ते कळत नाही.

ही मोहीम निव्वळ धर्मयुद्ध होती, असेही म्हणतात. पोर्तुगीज अमलात धर्मावरून झालेला जाच खरा होता आणि स्थानिकांची गाऱ्हाणीही खरी होती. पण शरण आलेल्या शिबंदीला मराठ्यांनी सन्मानाने जाऊ दिले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना आपला धर्म पाळण्याची मुभा दिली. वसईतला ख्रिस्ती समाज आजही तिथेच नांदतो आहे.

गैरसमज : गोळ्या सुटू लागल्या की नास्तिकही देवाचा धावा करतो.

खंदकात नास्तिक नसतो, हे इंग्रजी वचन दुसऱ्या महायुद्धात फार गाजले. त्यात अर्धे सत्य आहे. त्या युद्धातल्या अमेरिकन सैनिकांची सॅम्युएल स्टाउफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठी पाहणी केली. ती 1949 मध्ये प्रसिद्ध झाली. कठीण वेळी प्रार्थनेने आधार दिला, असे बहुसंख्य सैनिकांनी सांगितले. पण बहुसंख्य म्हणजे सगळे नव्हेत. शिवाय तोंडातून देवाचे नाव निघणे आणि देव मानणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ठेच लागल्यावर ‘आई गं’ म्हणणाऱ्याची आई जवळ असतेच असे नाही.

बाहेरून दिसणारी श्रद्धाही फसवू शकते; कूतचा वेढा पाहा. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, ब्रिटिश हिंदी फौजेची सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात डिसेंबर 1915 पासून अडकून पडली. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी तिच्यात होत्या. धान्य संपत आले तेव्हा घोडे मारून त्यांचे मांस वाटायला सुरुवात झाली, पण बहुतेक हिंदी शिपायांनी ते नाकारले. स्कर्व्हीने माणसे खंगत होती. भारतातून धर्मगुरूंची परवानगी मिळवून कळवली, तरी अनेकांनी शेवटच्या आठवड्यांपर्यंत त्याला तोंड लावले नाही. 29 एप्रिल 1916 ला फौज शरण गेली. वरवर ही अढळ श्रद्धा दिसते. पण शिपायांची भीती बरीचशी गावाची होती: परतल्यावर पंगतीला कोण घेईल, सोयरीक कोण करील? उपाशी मरणाऱ्या माणसाला देवापेक्षा भावकीचा धाक मोठा वाटू शकतो, हे समजून घेतल्याशिवाय सैनिकाच्या धर्माबद्दल बोलू नये.

आणि देव न मानणारा सैनिक म्हणजे परदेशी गोष्ट, हेही चूक. 1956 च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातल्या अनेक सैनिकी घरांनी सृष्टिकर्ता ईश्वर नाकारणारा धम्म स्वीकारला. त्या घरांतली मुले 1965 आणि 1971 मध्ये लढली. ‘खंदकात नास्तिक नसतो’ या वचनाने त्यांचे धैर्य उसने ठरते, आणि ते मला मान्य नाही.

गैरसमज : आपल्या सेनेत देव मानावाच लागतो.

प्रशिक्षण पुरे झाल्यावर जवान राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घेतो. ती ईश्वरसाक्ष घेता येते किंवा ईश्वराचे नाव न घेता गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करूनही घेता येते. पलटणीत पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री असे धर्मशिक्षक असतात. मंदिर परेडला सगळे एकत्र उभे राहतात, कारण तिथे पलटण एक होते. रणघोषही सगळे देवाचे नाहीत. मराठा लाइट इन्फंट्री छत्रपती शिवाजी महाराजांचा जयजयकार करते, महार रेजिमेंट हिंदुस्तानचा.

गैरसमज : युद्ध पाहिलेला माणूस अधिक भाविक होऊन परततो.

काही होतात, काहींचे उलटे होते. युद्धाच्या मानसिक आघातावर उपचार घेणाऱ्या अमेरिकन माजी सैनिकांचा फोंटाना आणि रोझेनहेक यांनी अभ्यास केला, तो 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःच्या हातून माणूस मारला जाणे, किंवा सोबत्याला वाचवता न येणे, यातून श्रद्धा ढासळते आणि अपराधीपणा त्यात भर घालतो, असे त्यांना दिसले. ज्यांची श्रद्धा अशी ढासळली होती, तेच उपचारांसाठी जास्त येत होते.

म्हणून सुटीवर आलेला किंवा निवृत्त झालेला जवान यंदा जत्रेला यायला नको म्हणाला, पूजेला बसला नाही, तर घरच्यांनी त्याला धर्म शिकवू नये. झोप लागते का, दचकून उठतोस का, ते शांतपणे विचारावे आणि गरज वाटली तर डॉक्टरांकडे सोबत जावे. माजी सैनिकांच्या घरांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये असतात. तिथेही चौकशी करता येते.