तिकीट दहाचे, बाकीचे कोण भरते?

दिघीच्या मॅगझीन चौकात सकाळी सातला उभे राहिले की बसच्या आधी मते येतात. "पीएमपी आधीच तोट्यात, ती काय बस वाढवणार?" "एसटीत बायकांना अर्धं तिकीट, मग हिच्यात पूर्ण का?" "मेट्रोला हजारो कोटी मिळतात, आपल्या बसला दमडी नाही." आणि शेवटी कुणीतरी हमखास म्हणतो, "आपली महापालिका तर आशियात श्रीमंत!"

यातले एकही वाक्य निखालस खोटे नाही. थोडे खरे असते, म्हणूनच ती वर्षानुवर्षे टिकतात. पण अशा अर्ध्या माहितीवर उभी राहिलेली मागणी भलत्याच दारात जाऊन बसते. बस हवी असेल तर ती कुणाच्या पैशावर धावते, हे आधी माहीत हवे.

"पीएमपी पुण्याची. आमचा आवाज तिथे कोण ऐकणार?"

पीएमपी, म्हणजे पीएमपीएमएल, ही कंपनी आहे आणि तिचे मालक दोन आहेत. 1950 पासून पुण्याची पीएमटी होती, 1974 पासून पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी. दोन्ही 2007 मध्ये एकत्र झाल्या. नव्या कंपनीत पुणे महापालिकेचा वाटा 60 टक्के आणि पिंपरी-चिंचवडचा 40 टक्के. बस चालवण्याचा खर्च आणि उत्पन्न यांतली तफावत, जिला कागदोपत्री 'संचलन तूट' म्हणतात, तीही दोन्ही महापालिका याच प्रमाणात भरतात. म्हणजे दिघीकर मिळकतकर भरतो तेव्हा तो या बसचा लहानसा का होईना मालक असतो.

विलीनीकरणात एक गोष्ट मात्र हातची गेली. पूर्वी महापालिकेच्या परिवहन समितीत लोकांमधून आलेली माणसे बसत. फेरी बंद झाली तर त्यांना गावात येऊन तोंड दाखवावे लागे. कंपनीच्या संचालक मंडळावर दोन्ही शहरांचे महापौर, स्थायी समितीचे अध्यक्ष आणि आयुक्त असतात. पण 13 मार्च 2022 ला पिंपरी-चिंचवड महापालिकेची मुदत संपली, निवडणूक झाली नाही, प्रशासक आले, आणि लोकांनी निवडून दिलेल्या खुर्च्या बराच काळ रिकाम्या राहिल्या. "आवाज कोण ऐकणार" ही तक्रार त्या काळापुरती खरी होती. मालकी मात्र तेव्हाही आपलीच होती.

दिघीपुरता आणखी एक गुंता आहे. पुण्याच्या मनपा स्थानकाहून आळंदीला निघालेली बस कळसपर्यंत पुणे महापालिकेच्या हद्दीत असते. पुढे लष्कराच्या जमिनींना लागून ती दिघीत, म्हणजे पिंपरी-चिंचवडमध्ये येते. दिघी 1997 मध्ये या महापालिकेत आली. चऱ्होली फाटा ओलांडून आळंदीत शिरली की ती खेड तालुक्यातल्या नगरपरिषदेत पोचते. तासाभराच्या वाटेत तीन स्थानिक संस्था. आषाढी वारीत माउलींची पालखी याच रस्त्याने पुण्याकडे जाते, तिला हद्दी आडव्या येत नाहीत. बसलाही येत नाहीत. अडतो तो पैसा. 60 आणि 40 ची बेरीज दोन महापालिकांतच पूर्ण होते, आळंदी किंवा चाकणच्या प्रवाशाचे नाव त्या हिशेबात नाही. अलीकडे पीएमआरडीएने, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, तुटीचा काही भाग उचलायला सुरुवात केली, ती याच कारणाने.

"तोट्यात आहे, म्हणजे कारभारच वाईट"

कारभारावर बोलायला जागा आहेच. पण तूट आणि गैरकारभार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीएमपीची वार्षिक तूट आता सातशे कोटींच्या वर गेली आहे आणि दिवसाला साधारण दहा लाख लोक ती वापरतात. मोठ्या शहरांच्या बससेवा तिकिटावर आपला पूर्ण खर्च क्वचितच भागवतात. दिघी-आळंदी रस्ता रुंद केला, त्यावर डांबर घातले, दिवे लावले, तेव्हा तो रस्ता 'तोट्यात' आहे असे कुणी म्हटले नाही. त्याच रस्त्यावरून पन्नास माणसे नेणारी बस मात्र तोट्यात. ही शब्दांचीच गंमत आहे, आणि ती महाग पडते. कारण 'तोटा' म्हटले की उपाय एकच सुचतो: फेऱ्या कमी करा, नाहीतर तिकीट वाढवा.

तिकीट वाढवून पाहिलेच आहे. 1 जून 2025 पासून पहिल्या पाच किलोमीटरला 10 रुपये झाले, पुढे तीस किलोमीटरपर्यंत दर पाच किलोमीटरच्या टप्प्याला आणखी 10. दोन्ही शहरांत चालणारा दैनंदिन पास 70 रुपयांचा झाला. त्याआधी दहा वर्षांहून जास्त काळ दर हलले नव्हते. एवढ्या वर्षांची वाढ एका दिवसात अंगावर आली, आणि सर्वांत आधी ती लागली रोज ये-जा करणाऱ्याला. घरात दोघे कमावते असतील तर दोन तिकिटांच्या हिशेबात दुचाकीचे पेट्रोल बसते. मग तो बस सोडतो, उत्पन्न घटते आणि तूट पुन्हा तिथेच येते.

मुंबईत उलटे करून पाहिले. जुलै 2019 मध्ये बेस्टने किमान भाडे आठवरून पाच रुपयांवर आणले आणि काही आठवड्यांत प्रवासी लाखांनी वाढले. पण त्यामागे मुंबई महापालिकेचे अनुदान उभे होते. त्याआधी कितीतरी वर्षे दक्षिण मुंबईतले बेस्टचेच वीजग्राहक आपल्या बिलातून बेस्टच्या बसची तूट भरत होते, बहुतेकांना ते ठाऊकही नव्हते. मे 2025 मध्ये बेस्टलाही भाडे दहावर न्यावे लागले. स्वस्त तिकिटामागे कुणीतरी पैसे भरणारा हवा, आणि तो दर वर्षी हवा.

याच्या शेजारचा एक समज: "बस ठेकेदाराची, पैसे त्याच्याच खिशात." भाड्याने घेतलेल्या बसच्या ठेकेदाराला किलोमीटरप्रमाणे ठरलेला दर मिळतो. चालक त्याचा, वाहक पीएमपीचा, तिकिटाचे पैसे पीएमपीचे. बस रिकामी धावली तरी ठेकेदाराचे काही जात नाही, जाते ते पीएमपीचे. आपण तिकीट काढले नाही तर नुकसान कुणाचे, हे यातून समजावे.

"एसटीत अर्धे तिकीट, मग इथे का नाही?"

17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे. 75 वर्षांवरच्यांना त्याच्या आदल्या वर्षीच्या ऑगस्टपासून प्रवास मोफत आहे. पण ही सवलत एसटी स्वतःच्या खिशातून देत नाही. त्या रकमेची भरपाई राज्य सरकार करते, निदान करायची असते. (हेच सरकार एसटीच्या तिकिटावर 17.5 टक्के प्रवासी कर घेत आले आहे. एका हाताने द्यायचे नि दुसऱ्याने घ्यायचे म्हणतात ते हे.) पीएमपी एसटी महामंडळाची नाही, त्यामुळे ती योजना इथे आपोआप लागू होत नाही. पीएमपीत अर्धे तिकीट हवे असेल तर उरलेले अर्धे दोन महापालिका भरतील की राज्य, हे मागतानाच सांगावे लागेल. पीएमपीची तेजस्विनी बस दर महिन्याच्या 8 तारखेला महिलांना मोफत असते. त्या एका दिवसाचे पैसेही कुठल्या तरी हिशेबात लिहिले जातात.

एसटी आणि पीएमपी यांच्या भांडणात गावे मधल्या मधे कशी सापडतात, हे 2022 मध्ये दिसले. 2021 च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाल्यावर पीएमपीने ग्रामीण भागात बस वाढवल्या. संप मिटल्यावर ते मार्ग आमचे, असे एसटीने म्हटले. त्या वर्षी नोव्हेंबरपासून पीएमपी टप्प्याटप्प्याने अनेक मार्गांवरून मागे हटू लागली. थांब्यावर उभ्या माणसाला बस लाल की निळी याचे सोयरसुतक नसते.

"मेट्रो दिल्लीच्या पैशातून, आपला काय संबंध?"

पुणे मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचा मंजूर खर्च 11,420 कोटी. त्यात केंद्र आणि राज्य मिळून मोठा हिस्सा देतात, महापालिकांचा वाटा आहे, आणि साधारण निम्मी रक्कम कर्जाची आहे. पण दिघीकराचा संबंध याहून जवळचा आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत सदनिका खरेदी केली की मुद्रांक शुल्कात 1 टक्का अधिभार असतो. लोक त्याला मेट्रो सेस म्हणतात. दोन वर्षे तो थांबवला होता, 1 एप्रिल 2022 पासून पुन्हा सुरू झाला. परांडेनगरात 50 लाखांचे घर घेणारा त्यात 50,000 रुपये भरतो. दिघीत मेट्रोचे स्थानक नाही, तरीही भरतो.

हा कर अन्यायाचा, असे मी म्हणणार नाही. शहराची वाहतूक घराच्या किमतीशी जोडलेली आहे, जमिनीतून पैसा उभारणे हा जगभरचा रास्त मार्ग आहे. कायद्याने हा अधिभार मोठ्या नागरी वाहतूक प्रकल्पांसाठी ठेवला आहे आणि त्यात बसचे जलद मार्गही मोडतात. गोम 'प्रकल्प' या शब्दात आहे. पैसा बांधायला मिळतो, चालवायला मिळत नाही. 2005 नंतर केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण योजनेतून बीआरटीचे, म्हणजे बसच्या जलद मार्गांचे, रस्ते आले, बसही आल्या. त्या बस रोज चालवण्याचा खर्च मात्र शहरावरच राहिला. उद्घाटनाला रस्ता लागतो, कोनशिला लागते. रात्री साडेनऊच्या जादा फेरीचे उद्घाटन कोण करणार?

"श्रीमंत महापालिका आहे, पैशाला काय तोटा!"

ही ख्याती जकातीची होती. टेल्को, बजाज आणि त्यांच्याभोवतीच्या शेकडो कारखान्यांत जाणाऱ्या मालावर नाक्यावर कर मिळे, तो थेट इथेच राही. एप्रिल 2013 मध्ये जकातीच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, ऑगस्ट 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तोही गेला, 2017 मध्ये जीएसटी आला. आता त्याच्या बदल्यात राज्याकडून अनुदान येते. महापालिका गरीब झालेली नाही, पण स्वतःच्या हाताने वाढवता येईल असा तिचा मोठा कर गेला. शिवाय कारखाने चाकणकडे सरकले, आणि चाकण या महापालिकेत नाहीच. 2015 मध्ये तिथे नगरपरिषद झाली, औद्योगिक क्षेत्र एमआयडीसीचे. कामगार दिघी-भोसरीत राहतो, कारखाना खेड तालुक्यात कर भरतो, आणि मधल्या रस्त्यावरच्या बसची तूट पिंपरीतून भागवली जाते.

"कंपन्यांच्या बस आहेत की!"

कायम कामगाराला आहेत. ठेकेदाराकडच्या मुलाला, कँटीनमध्ये काम करणाऱ्या बाईला, सुट्या भागांच्या छोट्या शेडमधल्या ऑपरेटरला बहुधा नाहीत. ते भोसरीवरून किंवा आळंदीवरून, शेअर रिक्षात दाटीने बसून चाकण गाठतात. कंपनीची बस पाळीपुरती येते, उरलेला वेळ उभी असते, आणि तिच्यात दुसऱ्या कंपनीच्या माणसाला जागा नसते.

फ्रान्सने 1971 मध्ये पॅरिस भागात या गोष्टीचा वेगळा विचार केला. तिथे 11 किंवा अधिक कामगार असलेल्या मालकाला पगाराच्या रकमेवर वाहतूक कर भरावा लागतो. कामगार वेळेवर पोचतो याचा फायदा मालकाला होतो, म्हणून खर्चात त्याने वाटा उचलावा, एवढे साधे कारण. आज पॅरिस परिसराच्या सार्वजनिक वाहतुकीचा सर्वांत मोठा आर्थिक आधार तोच कर आहे. चाकणला असा कर लावायचा तर राज्याचा कायदा लागेल. तोपर्यंत कंपन्यांनी एकत्र येऊन पाळीच्या वेळच्या फेऱ्यांचा खर्च उचलायला कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

"सह्या गोळा केल्या की काम होते"

दिघीशेजारच्या बोपखेलला विचारा. मे 2015 मध्ये सीएमई या लष्करी संस्थेच्या आवारातून जाणारा त्यांचा रस्ता बंद झाला. मोर्चे निघाले, न्यायालयात जाऊन झाले. शेवटी मुळा नदीवर पूल झाला तो महापालिकेने त्यासाठी पैसे ठेवले आणि संरक्षण खात्याची जागा मिळवली तेव्हा. लोकांचा रेटा नसता तर काहीच झाले नसते, पण नुसत्या रेट्यानेही पूल झाला नाही.

रेटा आणि पैसा एकत्र आले की काय होते ते दुसरीकडे दिसते. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस परगण्यात नोव्हेंबर 2008 मध्ये लोकांनी स्वतःवर अर्ध्या टक्क्याचा विक्रीकर लावून घेतला, केवळ वाहतुकीसाठी. त्यासाठी दोन-तृतीयांश मते लागत होती, ती मिळाली. कराबरोबर कामांची यादी लोकांसमोर ठेवली होती: पैसा कुठे जाणार, किती वर्षे जाणार. आपल्याकडे करावर मतदान होत नाही, पण अंदाजपत्रक होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये महापालिकेचे अंदाजपत्रक मांडले जाते आणि त्यात पीएमपीच्या तुटीची रक्कम छापलेली असते. नुसते 'बस वाढवा' लिहिलेले निवेदन फायलीत जाते. दिघी-भोसरी मार्गावर सकाळी सहा ते आठ इतक्या फेऱ्या, त्यांचे किलोमीटर इतके, खर्च या शीर्षाखाली, असे लिहिलेल्या निवेदनाला कुणाला तरी उत्तर द्यावे लागते.

तेव्हा पुढचे निवेदन लिहाल तेव्हा तीन प्रती काढा. एक पिंपरीला महापालिका आयुक्तांना, चाळीस टक्के तिथून निघतात. दुसरी स्वारगेटला पीएमपीच्या मुख्यालयात. तिसरी आकुर्डीला पीएमआरडीएकडे, कारण बस चाकणला जायची असेल तर पैसे दिघीच्या हद्दीवर थांबून चालणार नाही.